चिखलातलं पाऊल

कुंदा,

शटर वर करायच्या आधीच मला आवाज ऐकू आला. ठक्. मग मोटरची लांबलेली घरघर, आणि पुन्हा ठक्.

तुझं दहावं अजून व्हायचं होतं. घरात बसवेना म्हणून भुकूमला आले होते, वर्कशॉपचं कुलूप नुसतं बघून परत जायचं असं ठरवून. शेजारच्या सोसायटीचा वॉचमन खुर्चीतून उठून म्हणाला, "मॅडम अंदर हैं ना? काम चल रहा था, इसलिए मैंने आवाज नहीं दी." त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तुला नेल्यापासून तो भिंतीपलीकडून ते ऐकत होता आणि तू आत आहेस असं समजून निर्धास्त होता. मी त्याला लगेच काही सांगितलं नाही. किल्ली कुलपात घालून उभी राहिले. आत तू असतीस तर हाच आवाज आला असता, आणि तू नसतीस तर येऊ नये असा काही नियम नव्हता.

आत दिवा लागलेला होता. तुझ्या टेबलावर पाण्याचा पेला, अर्धा. कोपऱ्यात तुझं ते कृत्रिम पाऊल तपासायचं यंत्र पाय चालवत होतं. लोखंडी चौकटीत धरलेलं एक रबरी पाऊल, वरून येणारा दांडा. दांडा टाचेवर दाब देणार, मग चवड्यावर, मग उचलणार, आणि पुन्हा टाचेवर. माणूस चालतो तसं, फक्त जागच्या जागी. गडबडीत ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुझ्या सगळ्या विधींमध्ये, तुझी राख सावडून झाली तेव्हासुद्धा, ते पाऊल इथं चालतच होतं.

मी बटणापर्यंत हात नेला आणि थांबले.

त्या दुपारी तुला दवाखान्यात न्यायला गाडीत मागच्या सीटवर आडवं केलं होतं आणि आपण भूगावच्या कोंडीत अडकलो होतो. समोर वाळूचा ट्रक, बाजूला लग्नाच्या हॉलकडे वळणाऱ्या गाड्या. तुझा श्वास मला मागून ऐकू येत होता. मी खिडकीची काच वर करत होते, एसीचं बटण फिरवत होते, हॉर्न दाबत होते. तू म्हणालीस, "बंद नको करूस."

एवढंच. नंतर तू काही बोलली नाहीस. काच म्हणत होतीस, एसी म्हणत होतीस, की यंत्र? की वर्कशॉपच, जे तू नसलीस तर मी बंद करीन अशी तुला कधीपासून भीती होती? मी प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देते. त्या दिवशी मात्र बटणापाशी उभी असताना मला एकच अर्थ सुचला आणि मी हात मागे घेतला.

मग जवळ जाऊन पाहिलं. पावलाला तू जाड प्लास्टिकची पिशवी बांधली होतीस, घोट्याशी सुतळीनं घट्ट. पिशवीत चिखल होता.

तुला आठवतंय ना आपलं भांडण? यमुनाबाईंच्या पायावरून चाललेलं. ताम्हिणीच्या वरच्या वाडीतल्या यमुनाबाई, मजुरांची जीप उलटून गुडघ्याखाली पाय गेलेल्या. त्यांना घरात फिरायचा पाय नको होता. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "मला आवणीला उतरायचं हाय खाचरात, भात लावाया. बसून खायाला पाय कशाला पायजे?" मी सॉकेट बनवायचं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, आणि तू पाऊल, अशी आपली वाटणी. त्या पावलात मधे एक लवचीक पट्टी, तिच्यावर रबराचे थर चिकटवलेले. तू म्हणत होतीस, मोडलं तर पट्टी तुटेल, घोट्याच्या ठोकळ्यातून ती बाहेर पडते तिथं. "सगळं शरीर चवड्यावर येतं तेव्हा सगळ्यात जास्त वाक तिथं असतो, स्मिते. त्यात तिथं कोपरा. कोपऱ्यात ताण गोळा होतो." म्हणून तू कानशीनं तो कोपरा घासत बसायचीस, बोट फिरवून बघायचीस, पुन्हा घासायचीस.

मी म्हणत होते, थर सुटतील. वही वाकवली की पानं एकमेकांवरून सरकतात, तसे थर प्रत्येक पावलाला सरकायला बघणार. गोंद त्यांना धरून ठेवणार. कोरड्यात धरेल, पण चिखलाचं पाणी आत गेलं की नाही धरणार. तू चष्म्यावरून बघत म्हणालीस, "गोंद तुझ्या डोक्यात सुटलाय." मी म्हटलं, मग ओल्यात चालवून बघ. तू म्हणालीस, आधी कोरडं, नंतरचं नंतर. मी दोन दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. चहा मात्र तू नेहमीसारखा दोन कपांत ओतत होतीस.

आणि आता ही पिशवी. कधी बांधलीस? मला का नाही सांगितलंस? चिखल वरून सुकत आला होता. मी बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि सुतळी पुन्हा बांधली. तुझी गाठ मला जमली नाही.

त्यानंतर मी रोज जात राहिले. घरी सांगायचे, हिशेब बघायचेत, पेशंटचे फोन येतायत. खरं म्हणजे चिखलाला पाणी घालायला जायचे.

तू पहिल्यांदा भेटलीस तेव्हा मी शहरातल्या एका दवाखान्यात नोकरीला होते. तू कुबड्यांवर आलीस आणि माझ्या टेबलावर तुझ्या कॅलिपरची, पायाला आधार देणाऱ्या चौकटीची, तुटलेली पोलादी पट्टी ठेवलीस. मी विचारलं, "पडलात का? कुठं लागलं?" तू म्हणालीस, "ते नंतर. आधी हे बघा." तुटलेला भाग उजेडात धरून दाखवलास. रिव्हेटच्या भोकाच्या कडेपासून शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी, आणि पलीकडे खरबरीत, चमकणारा तुकडा. "ह्या कमानी म्हणजे तडा हळूहळू वाढत होता ते दिवस. कित्येक महिने असतील. आणि हा खरबरीत भाग कालचा." तुझ्या कपाळावर खोक होती, रक्त सुकलेलं, आणि तू एखादी छान साडी दाखवावी तशी ती पट्टी दाखवत होतीस. लहानपणी पोलिओ झाल्यापासून तुझा पाय असल्या पट्ट्यांवर उभा होता आणि पुढे चाकणच्या कारखान्यात तू त्याच धातूंना वाकवून, पिरगाळून, तोडून बघायची नोकरी केलीस. मी तेव्हा घाबरले होते तुला. नंतर तुझ्याशिवाय काम करायचीच भीती वाटायला लागली.

मी किती वेळा म्हटलं, मला तुझ्यासाठी प्लास्टिकचा कॅलिपर करू दे. हलका, पायाच्या आकाराचा, चपलेच्या आत जाणारा. आपल्या भट्टीतून पॉलिप्रॉपिलीनचा तक्ता काचेसारखा पारदर्शक होऊन बाहेर यायचा, तेव्हा तूच सगळ्यांना बोलावून दाखवायचीस. पण स्वतःसाठी नाही. "पोलाद वाकून सांगतं बाई. ती तुटली तीही आधी करकरत होती, मीच ऐकलं नाही. कार्बन फायबर तर सांगतच नाही, एकदम जातं. मला आधी कळवणारी वस्तू हवी." मी म्हणायचे, प्लास्टिकसुद्धा सांगतं, वाकलं की पांढरी रेघ पडते. तू म्हणायचीस, "ती बघायला तुझे डोळे लागतात. माझं पोलाद मला अंधारातही कळतं." आणि उभी राहायचीस. उभी राहिलीस की गुडघ्याची कडी खाली पडून खट् असा आवाज व्हायचा. तो झाला की मी न बघता ओळखायचे, कुंदा उठली.

तू गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, कळवणाऱ्या वस्तूंवर एवढा विश्वास ठेवणाऱ्या बाईनं स्वतःचं मात्र काही कळवलं नाही. लोकांना ते वाक्य फार आवडलं, दोघातिघांनी पुन्हा म्हटलं. मी उठून आत गेले. माणूस म्हणजे पट्टी नव्हे. तुला दम लागत होता, तू जिन्यात थांबत होतीस, मी विचारलं की म्हणायचीस, "वय झालं, तुझंही होईल." हे कळवणं होतं की न कळवणं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपण पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. संध्याकाळी नाशिकहून तुझे भाऊ मुकुंददादा आले. ते दाराशीच उभे राहिले, आत येईनात. मग मला म्हणाले, "गुरुजी म्हणतात, चितेवर लोखंड नको. ते... तुम्ही काढाल का? मला नाही जमायचं."

इतक्या वर्षांत तू मला तुझ्या पायाला कधी हात लावू दिला नव्हतास. दुनियेचे पाय मी हातात घेतले, तुझा नाही. बक्कल सोडली, चामड्याचा पट्टा मऊ होऊन काळा पडला होता. गुडघ्याची कडी वर सरकवली आणि तुझा पाय वाकवला. किती बारीक होता. मांडीखाली पट्ट्याचा खोल वळ, कातडी तिथं घट्ट झालेली, रंग गेलेला. माझ्या हातांनी आपोआप मोजमाप घेतलं. दाब इथं फार पडत होता. वजन तेवढंच असतं, जागा मोठी मिळाली की टोचत नाही, हे तूच वर्कशॉपात शिकायला येणाऱ्या पोरींना सांगायचीस. तुझा पट्टा दुप्पट रुंद हवा होता, आणि बोटभर वर. मी ते मोठ्यांदा म्हणाले असेन, कारण मुकुंददादा दारातून म्हणाले, "काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

तो कॅलिपर दादा नाशिकला घेऊन गेले. तू गेल्यावरही मला वर्कशॉपात खट् ऐकू येत राहिलं. खुर्ची सरकली तरी, दार वाऱ्यानं आपटलं तरी. एकदा वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली. यंत्र चवडा दाबलेल्या अवस्थेत थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांतता झाली आणि ती मला सहन होईना. मी सॉकेटची कड घासत बसले. मग लाईट आली, मोटर आपली आपण सुरू झाली, ठक्, आणि मी मान वर न करता म्हणाले, "हो, आले." उठलेसुद्धा. तुझ्या टेबलाशी पोचल्यावर कळलं की मी कुणाकडे चालले होते.

यमुनाबाई आल्या त्या एका सकाळी, कुबडी टेकत, भाचीच्या गाडीवरून उतरून. दाराशीच थांबल्या, कान दिला आणि चेहरा उजळला.

"बाई हायेत आत. म्या म्हनलंच, सकाळच्याला असतील."

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे.

"मंग ह्ये कोन चालवतंय?"

"कुणी नाही. त्यांनी चालू केलेलं आहे. मी बंद केलं नाही."

त्या कुबडीवर उठून यंत्रापाशी गेल्या, पिशवीला हात लावला. "ही माजीच माती."

"म्हणजे?"

"बाईंनी फोन केला व्हता. म्हनल्या, तुमच्या खाचराची माती आना पिशवीभर, बांधाकडची नको, मधली आना. तुमी तवा पुन्याला गेलावता. मी म्हनलं, माती कशाला वो? तर म्हनल्या, आमच्या स्मिताताईंचा हट्ट हाय, त्यांचं खरं निगायचं असंल तर निगू दे."

यमुनाबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या यंत्रासमोर बसल्या. पाऊल टाचेवर येत होतं, चवड्यावर जात होतं. आम्ही दोघी ते बघत होतो, एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारख्या. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "कवा थांबंल?"

"मोडलं की आपोआप थांबेल. पाऊल फार खाली गेलं तर बटण सुटतं, तशी सोय केलीय त्यांनी."

"मोडू द्या मंग," त्या म्हणाल्या. "हितं मोडलं तर बरं. खाचरात मोडलं तर मला उचलाया कोन येतंय?" मग जरा वेळानं, "त्यास्नी ठावं व्हतं का, आपून जानार हाय म्हनून?"

"नाही," मी म्हटलं. "नसावं."

"मंग बरंय," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

ते मोडलं त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी. मी भट्टीपाशी होते. ठक् आलं, पण जरा बसलेलं, ओलं. मग घरघर नाही. मी वळले. दांडा खाली थांबला होता. मला धावत जाता आलं असतं, पण मी हळू गेले. सुतळी सोडली, चिखल धुतला, पाऊल नळाखाली धरलं. पट्टी शाबूत होती. तू घासलेला कोपरा गुळगुळीत, त्यावर केसाएवढा तडा नाही. बाजूनं मात्र रबराचे थर तोंड उघडल्यासारखे फाकले होते, आत गाळ गेला होता, गोंद नखानं निघत होता.

माझं बरोबर होतं, कुंदा.

मी ते पाऊल हातात घेऊन तुझ्या टेबलाकडे वळले, दाखवायला. "बघ" एवढं तोंडातून निघालंही. तू हरलीस की एक करायचीस: हात पुढे करायचीस, वस्तू घ्यायचीस, फिरवून बघायचीस आणि म्हणायचीस, "हं. पुढे?" त्या "पुढे"साठी मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले असेन. टेबलावर पाण्याचा तो पेला होता, मी अजून उचलला नव्हता. त्या दुपारी मी तो उचलला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला. मग खाली बसून रडले. तोवर रडले नव्हते. तुझ्याशी वाद जिंकणं इतकं भयाण असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढे काय, ते मग मीच ठरवलं. थर चिकटवायचेच नाहीत. तुझीच पट्टी, तुझाच घासलेला कोपरा, आणि भोवती सगळं रबर एकाच साच्यात शिजवून, एकसंध. सुटायला जोडच ठेवायचा नाही. पिरंगुटच्या रबर मोल्डिंगवाल्यानं आधी नाही म्हटलं, एका नगासाठी साचा परवडत नाही म्हणाला. मी त्याच्यासमोर ते फाटलेलं पाऊल ठेवलं आणि तू कशी बोलली असतीस तसं बोलले. त्यानं केलं. पहिलं पाऊल चौकटीत बसवलं, चिखलाची पिशवी बांधली आणि बटण मी दाबलं. आवाज तोच, पण त्यात आता तू नव्हतीस. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं झालं नाही. मी तो दिवसभर ऐकत राहिले आणि संध्याकाळी लक्षात आलं, मी तुझी वाट बघत होते. ते पाऊल सुटलं नाही. तसलंच दुसरं यमुनाबाईंच्या पायाला लागलं.

आवणी सुरू झाल्यावर मी ताम्हिणीला गेले. तिथला पाऊस तुला माहीत आहे, हातभर अंतरावरचं दिसत नाही. वाडीखालच्या खाचरात ओळीनं बायका वाकलेल्या, डोक्यावर इरली, प्लास्टिकचे कागद. यमुनाबाई कुठल्या, ते मला चालण्यावरून ओळखता आलं नाही. सगळ्याच चिखलातून पाय उपसत होत्या, सगळ्याच एका अंगाला झुकत होत्या. त्यांनीच हाक मारली.

"वरून काय बघताय ताई? या की खाली."

मी बांधावरून उतरायला गेले. पहिलंच पाऊल गुडघ्यापर्यंत रुतलं, दुसरं सरकलं आणि मी आडवी होऊन अडकले. चिखल पाय सोडेना.

"हलू नका," यमुनाबाई म्हणाल्या. "जितकं हलाल तितकं आत जाल. हात द्या."

त्यांनी माझ्या पाठीमागच्या बांधाच्या पायथ्याला तो पाय लावला. आपला पाय. चवडा दाबून, गुडघा ताणून त्यांनी माझा हात धरला आणि मागे रेलल्या. त्यांचं वजन, माझं वजन, वर चिखलाची ओढ. एवढा भार आपण कधी धरलाच नव्हता. मला पाण्यातून दिसत होतं, ते पाऊल वाकलं, मी कागदावर काढलं त्याहून कितीतरी जास्त. मी डोळे मिटले. ओढ बसली, माझा पाय सुटला आणि मी त्यांच्या अंगावर जाऊन आदळले. पाऊल तसंच, सरळ, बांधाला टेकलेलं.

"लागलं का वो?" त्यांनी विचारलं.

"घोटा मुरगळला."

त्यांनी खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माजा न्हाई मुरगळला," त्या म्हणाल्या.

आणि आम्ही दोघी तिथं चिखलात बसून हसलो, बाकीच्या बाया काम थांबवून बघायला लागल्या इतकं. तू गेल्यापासून मी हसले नव्हते. घरी आल्यावर सगळ्यात आधी वाटलं, हे कुंदाला सांगायला हवं. म्हणून लिहायला बसले.